तिसऱ्या हाकेला ओ

आमच्या घरात पहिल्या हाकेला ओ द्यायची पद्धत नव्हती. दुसऱ्यालाही नाही. कुणी बाहेरून बोलावलं की हातातलं काम थांबवायचं, कान द्यायचा आणि तिसऱ्या हाकेची वाट बघायची. ती आली तर ओ द्यायची. नाही आली तर दाराची कडी नीट लागलीय का ते बघायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी हजेरीत माझं नाव घेतलं तेव्हाही मी अशीच गप्प बसले आणि वर्गात हजर असून माझी गैरहजेरी लागली.

हा कायदा आईचा. ती इगतपुरीच्या पलीकडच्या डोंगरातली. वडील रेल्वेत होते, त्यामुळे माझं लहानपण इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये गेलं. तिथं पावसाळ्यात धुकं असं उतरतं की दारातून नळावरचं माणूस दिसत नाही. हाक ऐकू येते, तोंड दिसत नाही. अशा ठिकाणी कुणाच्या हाकेला जायचं आणि कुणाच्या नाही, याला काहीतरी नियम लागतोच. आईचं म्हणणं असं, की भुताला धीर नसतो. "ते दोनदा हाक मारतं नि निघून जातं. माणसाला गरज असती, म्हणून ते तिसऱ्यांदा मारतं."

पुढे मी भुतांचे, यंत्रमानवांचे आणि परग्रहावरून आलेल्यांचे ढिगानं सिनेमे पाहिले. त्यात माणूस कशाला म्हणायचं यावर मोठमोठी भाषणं होती. आईच्या व्याख्येइतकी कामाची व्याख्या मला त्यात सापडली नाही.

आईला भुताचे सिनेमे अतोनात आवडत. गणपतीत क्वार्टरमधले लोक व्हिडिओ भाड्यानं आणायचे. देवाचा एक सिनेमा झाला की बायका उठायच्या आणि भुताचा लागला की आई पुढे सरकून बसायची. घाबरायची मात्र कधीच नाही. ती चुका काढायची. भूत एवढं गाणं म्हणत बसंल का, त्याला दुसरी कामं नाहीत का, पांढरी साडी चिखलात कशी मळली नाही. तिच्या मते भूत वाईट नसतं, त्याला काहीतरी हवं असतं आणि विचारायची कुणाची हिंमत होत नाही, एवढंच.

माझा कल विज्ञानाच्या सिनेमांकडे गेला. कॉलेजसाठी आम्ही नाशकात आलो तोवर घरात केबल आली होती आणि दुपारी आम्ही मायलेकी शेंगा फोडत ते सिनेमे बघायचो. मी तिला गोष्ट मराठीत सांगायची आणि ती त्यातली खोट शोधायची. अशा सिनेमांत एक यंत्र हमखास असतं. माणूस त्यात शिरतो, इथून नाहीसा होतो आणि दुसरीकडच्या यंत्रातून तसाच्या तसा बाहेर येतो. यावरून आमचं भांडण झालं होतं ते मला अजून आठवतं.

"म्हणजे हितला मेला," आई म्हणाली.

"मेला कसा? तिकडे आहे ना तो."

"तिकडचा नवा हाय."

"पण त्याला सगळं आठवतंय. बायकोचं नाव, शाळा, सगळं."

"आठवलं म्हणजे झालं व्हय? पाठ केलंय त्यानं." मग तिनं टरफलं सुपात गोळा केली आणि तिचा ठरलेला प्रश्न विचारला. "नि ह्याची आई कुठंय पिक्चरमधी? आईला इचारलं असतं तर दोन मिन्टांत पिक्चर संपला असता."

मी मोठी झाले, वडील गेले, मी लग्न केलं नाही आणि नोकरीही अशी धरली की जिथं संशय घेण्याचाच पगार मिळतो. पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये मी द्राक्षं तपासते. घड हातात आला की तो चांगला आहे असं मी कधीच धरून चालत नाही. वरचे मणी टपोरे असतात आणि आत बोट घातलं की एखादा चिरलेला लागतो. शेतकरी म्हणतात, बाई लय किरकिरी हाय. आहेच. शिवाय मोकळ्या वेळात मी भुतांच्या आणि विज्ञानाच्या सिनेमांवर बोलून मोबाइलवर व्हिडिओ टाकायची. बघणारे थोडेच होते, पण मला बोलायला आवडायचं. मेल्यावर काय उरतं, नक्कल अस्सल होऊ शकते का, असे प्रश्न लोकांसमोर सरळ काढले तर लोक उठून जातात, भुताच्या आडून काढले तर बसून राहतात. आई माझे व्हिडिओ बघून म्हणायची, फार बोलतीस, भूत पळून जाईल.

त्या व्हिडिओंनीच घात केला असणार. मागच्या हंगामात, माल जोरात असताना, आईला भर दुपारी फोन आला. मी तेव्हा कोल्ड रूममध्ये होते आणि माझा फोन बाहेर कपाटात होता. फोनवर मी होते. म्हणजे माझा आवाज होता, रडवेला. आई, माझ्या हातून अपघात झालाय, मला धरून ठेवलंय, ताबडतोब पैसे पाठव. आई गप्प राहिली. आवाज बोलतच होता. आई वाट बघत होती. मग तिनं फोन ठेवला आणि डाळीला फोडणी दिली.

संध्याकाळी तिनं हे मला दूध उतू गेल्याचं सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, तुला कसं कळलं?

"आई म्हणून एकदाच म्हणली. पुढं नुसतं काम. तू तशी नाहीस."

आमच्या इमारतीत तिचं फार कौतुक झालं. माझी मात्र झोप उडाली. आवाज त्यांतूनच यंत्रानं उचलला असणार, म्हणून मी व्हिडिओ काढून टाकले, अनोळखी फोनवर बोलणं बंद केलं आणि आरशासमोर केस विंचरतानाही तोंड मिटून ठेवायला लागले. कुठंतरी माझा आवाज माझ्याशिवाय हिंडत होता, कुणाला तरी आई म्हणत होता. आम्ही दोघींनी ठरवलं की फोनवरसुद्धा तीनदा हाक मारायची, मगच ओ. मला वाटलं, आता आपण सुरक्षित.

पावसाळा उतरताना पहिल्यांदा काहीतरी खटकलं. मी कामावरून आले, बेल वाजवली. आईनं साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हसून तीनदा आई म्हटलं. तिनं आत घेतलं, पण हसली नाही. मग चहा आणला तो कपबशीतून, निळ्या फुलांच्या, पाहुण्यांच्या कपबशीतून. मी आयुष्यभर त्या घरात स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायले आहे. कपात किती चहा आहे ते बघितलं, वास घेतला आणि प्यायले. सवयच वाईट.

पुढच्या काही दिवसांत कपबशी कायम झाली. माझा कपाटातला फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला सापडला. मी आले की आई पर्स उशाखाली सरकवायची. माझा संशय सगळ्यात आधी शेजारच्या काकूंवर गेला, कारण दिवसभर त्या येऊन-जाऊन असायच्या. नक्की यांनी हिचे कान भरले. मी एक दिवस त्यांना जिन्यात गाठलं आणि आडून आडून विचारायला लागले. काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मीच तुला सांगणार होते. त्या मला विचारतात, संध्याकाळी येते ती बाई कोण? म्हणतात, दिसते अगदी माझ्या मुलीसारखी, चालते तशीच, कपडेही तिचेच घालते."

त्या रात्री मी जेवले नाही. मी आईची तपासणी सुरू केली. मला वाटत होतं, बदलली असेल तर तीच. मी तिला गावच्या नदीचं नाव विचारलं, वडिलांच्या डब्यात काय द्यायची ते विचारलं, मुद्दाम चुकीचं सांगून बघितलं. तिनं सगळं बरोबर सांगितलं, वर माझी चूकही सुधारली. नागलीची भाकरी पूर्वीसारखीच पातळ, आमटीला तेवढंच मीठ. आत बोट घालून बघितलं तरी कुठं चिरलेलं लागत नव्हतं. तिच्या जगात सगळं जागच्या जागी होतं, फक्त मी नव्हते.

मग मीही हट्टाला पेटले आणि पुरावे काढले. गुडघ्यावरची खूण दाखवली, क्वार्टरच्या पायरीवर पडले होते ती.

"असा डाग रंगवता येतो," आई म्हणाली. "पिक्चरमधी रंगवतात."

शाळेतल्या गैरहजेरीची गोष्ट सांगितली. वडील मला हाक कशी मारायचे ते करून दाखवलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तिनंच तुम्हाला सांगितलं आसंल." आई मला अहो-जाहो करत होती. मग ती जवळ आली, माझा हात धरला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या पोरीला कुठं ठेवलंय तेवढं सांगा. मी कुणाला बोलणार नाय."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

काकूंच्या मदतीनं आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला नीट समजावलं. म्हणाले, चेहरा ओळखू येतो, पण चेहऱ्याबरोबर जी ओढ वाटायला हवी ती वाटेनाशी होते. मग मन त्याचा अर्थ लावतं. दिसते तर तशीच, पण वाटत नाही, म्हणजे ही ती नव्हेच. बहुतेक वेळा हे सगळ्यात जवळच्या माणसाच्या बाबतीत होतं, कारण तिथंच ओढ सगळ्यात जास्त असते. वाद घालू नका, पुरावे देऊ नका. मी त्यांच्यावरही विश्वास ठेवला नाही, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं आणि औषधं थोडी बदलून दिली.

एवढे सिनेमे मी पाहिले होते आणि प्रत्येकात मी संशय घेणाऱ्याच्या बाजूला बसले होते. शेजारी बदललाय, नवरा बदललाय, गाव बदललंय, एकालाच कळलंय आणि त्याचं कुणी ऐकत नाही. त्या एकट्यासाठी माझा जीव तुटायचा. पण ज्याला नक्कल म्हणतात, त्याला कामावरून दमून घरी आल्यावर पाहुण्यांच्या कपातून चहा पिताना काय वाटत असेल, हे कुठल्या सिनेमानं विचारलं नव्हतं आणि मीही नाही. त्याला तर वाटत असणार, मीच खरा. मलाही तसंच वाटत होतं. आणि खोटं कशाला सांगू, कधी कधी वाटायचंही नाही. क्वार्टरमधली ती पोरगी, आईच्या मांडीला टेकून भुताचे सिनेमे बघणारी, ती खरंच आता कुठे होती? केस पिकले, वडील गेल्यावर स्वभाव कडवट झाला, हसणं कमी झालं. तिचं सगळं मला आठवत होतं. पण आठवलं म्हणजे झालं व्हय, पाठ केलंय, हे आईनं फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं.

मी पुन्हा तिची मुलगी होईन की नाही, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. बाकी विश्वाचं काय व्हायचं ते होवो.

मग एक दिवस पॅकहाउसमधून मी घरी फोन केला. काकूंना विचारायचं होतं, औषध घेतलं का. फोन आईनं उचलला. मी सवयीनं तीनदा आई म्हटलं.

"ओ," आई म्हणाली. "कुठं हायेस तू? कवा येशील?"

तो जुना आवाज होता, माझ्यासाठीचा. मी क्रेटवर बसले.

"घरात एक बाई येती रोज," आई सांगायला लागली. "तुझे कपडे घालती. मी काय बोलत नाय. तू ये, मग बघू."

डॉक्टर म्हणाले, मेंदूत आवाजाची वाट चेहऱ्याच्या वाटेपेक्षा वेगळी असावी, काहींची ती शाबूत राहते. म्हणजे चोरट्यांनी माझा आवाज वापरून बघितला तेव्हा तो तिनं खोटा ठरवला, आणि आता आवाज तेवढा खरा आणि मी खोटी. मी खालून, पार्किंगमधून फोन करायला लागले. आई, मी आलेच, वर येतेय. ये ये, ती म्हणायची, भाकरी टाकते. मी लिफ्टमध्ये शिरायची. लिफ्ट वर जायची, मी बेल वाजवायची, साखळीच्या फटीतून ती माझ्याकडे बघायची आणि माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे नजर टाकायची. लिफ्टमध्ये शिरली ती तिची मुलगी होती. बाहेर आली ती कोणी दुसरीच. ते सिनेमातलं यंत्र आमच्या इमारतीत होतं आणि वरच्या मजल्यावरची मुलं त्यातून क्रिकेटची बॅट घेऊन येत-जात होती.

हळूहळू मला माझ्याच आवाजाचा मत्सर वाटायला लागला. त्याला सगळं मिळत होतं. मी तिच्या पायांना तेल लावायची, केस विंचरायची, रविवारी अंघोळ घालायची, आणि ते सगळं ती दुसऱ्या दिवशी फोनवर माझ्या आवाजाला सांगायची. "तशी वाईट नाय ती. तेल बरं लावती. पण घरी जायचं नाव नाय. तिचं कुणी आसंल का नाय, देव जाणे."

मी एकदा विचारलं, "नको असेल तर तिला जायला सांगू का?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे. तू येईस्तोवर राहू दे."

थंडी पडली. हंगाम तोंडावर आला होता, पण रविवार मी सोडत नव्हते. एव्हाना आईचं अहो-जाहो गळून पडलं होतं. ती मला अगं म्हणायची. माझं नाव ती घेत नसे, ते तिच्या मुलीचं होतं. अशाच एका रविवारी सकाळी मी ओट्यापाशी नागलीचं पीठ मळत होते. गरम पाण्यानं हात लाल झाले होते. आई बाहेरच्या खोलीत उन्हाला बसली होती.

"अगं," तिनं हाक मारली.

मी पिठातले हात थांबवले आणि कान दिला.

"अगं ए."

कुकरची शिट्टी झाली. मी तशीच उभी राहिले. मनात काही नव्हतं, हट्ट नव्हता, परीक्षा नव्हती. ते हाडात होतं.

"अगं बाई, हायेस का?"

"ओ," मी म्हणाले आणि पिठाच्या हातांनी बाहेर आले. "काय पाहिजे?"

"काय नाय. हायेस का बघितलं." पण ती माझ्याकडे रोखून बघायला लागली होती. दाराच्या फटीतून बघायची तशी, पण जरा पुढे झुकून. "पहिल्या हाकेला ओ का नाय दिलीस?"

"आमच्याकडे तिसऱ्या हाकेला देतात."

"कुणी शिकवलं?"

"आईनं."

तिनं माझे हात बघितले, पीठ बघितलं, मग तोंड. आता, मला वाटलं. आता ती नाव घेईल. एवढी मोठी खूण तिच्या हातात दिली होती, तिनेच केलेली, बाजारात न मिळणारी. मला एवढी आशा त्याआधी कधी वाटली नव्हती, त्यानंतरही नाही.

"शाणी हाय तुझी आई," ती म्हणाली.

"हो."

"जिती हाय?"

"आहे."

"मग हितं काय करत बसलीस?" तिचा आवाज मऊ झाला होता. माझ्याशी, त्या बाईशी, ती इतक्या मायेनं कधी बोलली नव्हती. "फोन तरी कर तिला. वाट बघत आसंल."

मी हात धुतले. गॅस बंद केला. फोन घेऊन गॅलरीत गेले आणि काचेचं दार मागे ओढून घेतलं. आत फोन वाजायला लागला. काचेतून मला दिसत होतं, तिनं आधी चष्मा शोधला, मग फोन, आणि माझ्याकडे पाठ करून तो कानाला लावला.

"आई," मी म्हणाले.

ती गप्प होती.

"आई."

तिनं मान किंचित कलती केली.

"आई."

"ओ," ती म्हणाली. "बोल गं. ती बाई बाहेर गेलीय, तिच्या आईशी बोलायला. आता निवांत बोल."